दूरस्थ पती, एकाकी माता आणि बालकाचे आरोग्य
म्हसळा परिसरातील चिकित्सानुभव

म्हसळा येथे गेली वीस वर्षे चिकित्सा-व्यवसाय करीत असताना एक गोष्ट सातत्याने प्रत्ययास आली. अम्लपित्त, अनिद्रा, शिरःशूल, श्वेतप्रदर या तक्रारी घेऊन येणारी स्त्री आणि वारंवार पोटदुखी, अरुची, शय्यामूत्र यांसाठी आणले जाणारे बालक ही दोन्ही अनेकदा एकाच घरातील असतात. आपण मात्र त्यांचे दोन स्वतंत्र केसपेपर करतो, दोन स्वतंत्र कल्प लिहितो आणि त्या घरात काय चालले आहे हे विचारण्याचे राहून जाते. प्रस्तुत लेख या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी आहे.

परिसराची पार्श्वभूमी

राजपुरी खाडीच्या टोकाशी वसलेला आमचा तालुका भातशेतीचा, थोड्या बागायतीचा. एका पिकावर वर्ष निघत नाही, म्हणून येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेला. आधी मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत गेला. १९८२ च्या संपानंतर गिरणीचा आधार सुटला, तेव्हा मिळेल त्या नोकरीत शिरला. कोकणी मुस्लीम समाजातील, तसेच इतर समाजांतीलही अनेकांनी कुवेत, सौदी अरेबिया, दुबईची वाट धरली. मुंबईचा चाकरमानी गणपती-शिमग्याला तरी घरी येतो. आखातातील नोकरदार वर्षा-दोन वर्षांनी महिना-दोन महिन्यांच्या रजेवर येतो.

मागे राहिलेल्या स्त्रीवर शेती, सासू-सासऱ्यांची दुखणी, घरबांधणीचे हप्ते, मुलांच्या शाळा हे सारे येते. निर्णय तिला घ्यावे लागतात, परंतु त्या निर्णयांचा अधिकार पुष्कळदा तिच्याकडे नसतो. जबाबदारी आहे आणि अधिकार नाही, ही अवस्था चिंतेची जननी होय.

शास्त्रीय भूमिका

ही चिंता औषधाच्या कक्षेबाहेरची आहे असे आपले शास्त्र मानत नाही. चरकाचार्यांनी अतिचिंतनास रसवह स्रोतसांच्या दुष्टीचे कारण म्हटले आहे. चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रस्त मनुष्याने मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही नीट पचत नाही, असे विमानस्थानात सांगितले आहे. अतिसाराच्या प्रकारांत भयज व शोकज यांची स्वतंत्र गणना आहे. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांमुळे स्तन्यनाश होतो, हे सुश्रुतांनी शारीरस्थानात नोंदविले आहे. सूतिकेला शतावरी देताना तिच्या घरातील वातावरणाची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात?

बालकाविषयी चरकांचा एक उपदेश आजही विलक्षण ताजा वाटतो. रडणाऱ्या, न जेवणाऱ्या किंवा हट्ट करणाऱ्या मुलाला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे त्यांनी स्पष्ट बजावले आहे. आधुनिक वैद्यकही आता याच दिशेला आले आहे. १९९८ साली अमेरिकेत फेलिटी व अँडा यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बालपणी घरात मारहाण, आईचा छळ, व्यसन यांसारखे अनुभव आलेल्यांना प्रौढपणी नैराश्याबरोबरच हृद्रोगासारख्या शारीरिक व्याधींचा धोकाही वाढतो, असे दिसून आले.

नोंदवहीने शिकविलेला धडा

सुमारे तिशीतील एक स्त्री सहा महिने माझ्याकडे उरोदाह व अनिद्रेसाठी येत होती. (रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सूतशेखर, कामदुधा, अविपत्तिकर या सर्वांचा उपयोग होई, परंतु चार-सहा दिवसच. पथ्य ती कसोशीने पाळत होती. एकदा जुनी पाने चाळताना लक्षात आले की तिच्या बहुतेक भेटी शनिवारच्या आहेत. कारण विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर, शुक्रवारी यांना सुट्टी असते. फोन येतो."

आखातात शुक्रवार हा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. त्या दिवशी पतीचा व्हिडिओ कॉल येई आणि तासभर आठवड्याच्या खर्चाचा हिशेब चाले. सासूबाई शेजारी बसून दुरुस्त्या सुचवीत. दहा वर्षांच्या मुलाला बोलावून, आई खरे सांगते आहे ना, असे विचारले जाई. मुलाचे पोट शुक्रवारी सकाळपासून दुखू लागे. त्या मुलालाही मी दोनदा कृमिघ्न चिकित्सा दिली होती!

पती रजेवर आला तेव्हा त्यास बोलावून घेतले. मनुष्य वाईट नव्हता. एका खोलीत आठ जणांसह राहून, उन्हात काम करून तो पैसे पाठवीत होता. ते कुठे जातात हे कळणे हाच त्याला घराशी उरलेला धागा वाटत होता. प्रथम त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले. नंतर तिघांच्या संमतीने तीन गोष्टी ठरल्या : हिशेब महिन्यातून एकदाच आणि लेखी, मुलाला साक्षीदार करावयाचे नाही, शुक्रवारच्या फोनवर आधी मुलाशी त्याच्या शाळेविषयी, खेळाविषयी बोलावयाचे. औषधे तीच ठेवली. काही महिन्यांत तिच्या भेटी विरळ झाल्या व मुलाची पोटदुखी थांबली. दाह पूर्णपणे गेला असे मी म्हणणार नाही; सासू-सुनेतील ताण आजही आहे.

२०२० : अचानक एकत्र आलेली घरे

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि चाकरमानी गावी परतले. पाठोपाठ ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. घरांची छपरे उडाली, नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. उत्पन्न बंद, घर मोडलेले, आणि वर्षातून महिनाभर एकत्र राहणारे दांपत्य अनेक महिने एका छपराखाली. विरहाने व्याधी होतात हे मला ठाऊक होते. अपरिचित सहवासानेही होतात हे त्या वर्षी कळले. वडिलांना पाहुणा म्हणून ओळखणाऱ्या मुलांना अकस्मात त्यांची शिस्त सोसावी लागली. सुटलेले शय्यामूत्र सातव्या-आठव्या वर्षी पुन्हा सुरू झाल्याची बालके त्या पावसाळ्यात माझ्याकडे आली. त्यांना औषधापेक्षा पित्याशी हळूहळू ओळख होण्याची गरज होती. रोज अर्धा तास मुलाला बरोबर घेऊन कौले शाकारणे, वाडीत रोपे लावणे, एवढेच मी सुचविले. ज्या घरांनी हे केले तेथे बहुधा लाभ झाला.

एक चूक

याच काळातील एक स्त्री मात्र माझ्या मनातून जात नाही. शिरःशूलासाठी ती आली होती. दंडावर जुने व्रण होते. तिने पतीच्या मद्यपानाविषयी अर्धवट काही सांगितले. मी ब्राह्मी-जटामांसीचा काढा लिहिला आणि वडीलधाऱ्याच्या थाटात म्हणालो, "दिवस कठीण आहेत, जरा सांभाळून घ्या." तीन आठवड्यांनी ती हाताचा अस्थिभग्न घेऊन आली. मुलगी दाराशी उभी होती. आत यायला तयार नव्हती.

कलह आणि हिंसा यांत भेद करण्यास मी चुकलो होतो. कलहात समुपदेशन उपयुक्त ठरते. हिंसेत 'जुळवून घ्या' हा सल्ला अपथ्यकर, क्वचित प्राणघातकही ठरतो. तेथे पती-पत्नीस एकत्र बसवू नये. स्त्रीस एकांतात विचारावे, जखमांची अचूक नोंद करावी आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते हे तिला सांगावे. १८१ ही महिला हेल्पलाइन व मुलांसाठी १०९८ हे क्रमांक माझ्या टेबलावरील काचेखाली आज लावलेले आहेत. ते त्या दिवशी असावयास हवे होते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

घरातील ताणाची पहिली चाहूल पुष्कळदा वैद्यास नव्हे, दुकानदारास लागते. रजेवर आलेला पुरुष पहिल्याच आठवड्यात वाजीकर कल्प मागतो. चरकांनी शुक्रक्षयाच्या कारणांत चिंता, भय, शोक यांबरोबर परस्परविश्वासाचा अभावही मोजला आहे, आणि अनुकूल पत्नीस श्रेष्ठ वाजीकरण म्हटले आहे. दीर्घ विरहानंतरचा संकोच हा रोग नव्हे, हे दोन शब्दांत सांगितले तरी मोठे काम होईल. मधुमेह, रक्तदाब असलेल्यास वैद्याकडे अवश्य पाठवावे. जी स्त्री दर पंधरा दिवसांनी अम्लपित्ताचे चूर्ण नेते, तिला "झोप लागते ना?" असे हलक्या आवाजात विचारावे. झोपेच्या ॲलोपॅथिक गोळ्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. ओळखीखातर त्या चिठ्ठीवाचून देणे बेकायदेशीर तर आहेच, एकाकी स्त्रीच्या हाती त्या घातकही ठरू शकतात.

उपसंहार

चरकांनी औषधाचे तीन प्रकार सांगितले : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. तिसरा आपण परीक्षेपुरता पाठ केला. त्यासाठी वेगळे रुग्णालय लागत नाही; रुग्णामागे दहा मिनिटे आणि तीन प्रश्न लागतात. घरी कोण कोण आहे? रात्री कशाचा विचार येतो? मूल कोणापाशी मोकळेपणाने बोलते? उत्तर ऐकून ते घराबाहेर जाऊ न देणे हे चौथे कर्तव्य. आत्मघाताचे विचार, उन्माद, प्रसूतीनंतरचे तीव्र औदासीन्य आढळल्यास विलंब न लावता मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. २०२२ पासून टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही साहाय्य मिळते.

त्या स्त्रीची मुलगी आता आपल्या आईसह आजोळी राहते. गेल्या पावसाळ्यात साध्या प्रतिश्यायासाठी ती आली, तेव्हा दाराशी थांबली नाही. आत येऊन स्वतः स्टुलावर बसली. केसपेपरवर प्रतिश्यायाची नोंद केली. मात्र नाडी पाहण्यापूर्वी त्या दिवशी मी तिला घरची हकिकत विचारली.