क्लचप्लेटा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाथर्डी तालुक्यातील तिसगावी दूध, खताची पोती आणि मढीला कानिफनाथांच्या दर्शनास निघालेले कुटुंब या सर्वांचा भार बहुधा मोटारसायकलीवरच असतो. म्हणून तिचा क्लच घरी दुरुस्त करू इच्छिणाऱ्या नवख्याने हत्यार उचलण्यापूर्वी काही समजुतींची खातरजमा करून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : इंजिन गर्जते पण गाडी वेग धरीत नाही, म्हणजे प्लेटा झिजल्याच.
वस्तुस्थिती : क्लचवायर प्रमाणाबाहेर ताणलेली असेल, तर मूठ सोडल्यावरही स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर पडत नाही व त्या सरकतात. क्लचच्या दांडीच्या टोकाशी सामान्यतः १० ते २० मिलिमीटर ढील असावी. ती ठीक करूनही दोष राहिला, तरच झाकण उघडावे.

गैरसमज : मोटारीचे महाग तेल दुचाकीलाही उत्तमच.
वस्तुस्थिती : बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो आणि मोटारीच्या अनेक तेलांतील घर्षण घटवणारी द्रव्ये त्याची पकड शिथिल करतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असा निर्देश पाहावा. ‘एमबी’ तेल अशा क्लचसाठी नव्हे.

गैरसमज : प्लेटा बदलण्यासाठी अख्खे इंजिन उतरवावे लागते.
वस्तुस्थिती : आपल्याकडील बहुतेक गाड्यांत क्लच उजव्या झाकणाआड असतो. तेल काढून घ्यावे, कमीअधिक लांबीचे बोल्ट पुठ्ठ्यावर त्यांच्या जागेनुसार खोचून ठेवावेत आणि पॅकिंग नवे घालावे. मात्र मधला नट काढण्यास खास पाना लागत असेल व तो जवळ नसेल, तर काम फिटरच्या स्वाधीन करणे हेच शहाणपण.

गैरसमज : घर्षणाच्या प्लेटा बदलल्या की भागले.
वस्तुस्थिती : त्यांच्यामधल्या पोलादी प्लेटा काचेवर ठेवून वाकल्या आहेत काय हे तपासावे, निळसर झाक दिसल्यास त्या अतितप्त झाल्या होत्या असे समजावे. स्प्रिंगांची लांबी व्हर्नियरने मोजून गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावी.

गैरसमज : नव्या प्लेटा कोरड्याच बसवाव्यात आणि बोल्ट जोर लावून आवळावेत.
वस्तुस्थिती : कोरडी प्लेट पहिल्याच घर्षणात करपू शकते, म्हणून ती आधी काही तास इंजिनाच्याच तेलात भिजत ठेवावी. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करून, टॉर्क पान्याने नेमून दिलेल्या मापापर्यंतच आवळावेत. बेसुमार जोराने ॲल्युमिनियममधील आटे निकामी होतात.

गैरसमज : करंजी घाटाच्या चढणीवर क्लच अर्धा दाबून धरल्यास इंजिनाला विसावा मिळतो.
वस्तुस्थिती : अशा वेळी प्लेटा एकमेकींवर घासत राहून तापतात. चढणीला खालचा गिअर टाकावा आणि मूठ पूर्ण सोडावी. एवढी शिस्त नसेल, तर इतक्या काळजीने बसवलेल्या नव्या प्लेटांनाही अकाली तीच गती प्राप्त होईल.