सीडी प्लेअर

सीडी प्लेअर हे कॉम्पॅक्ट डिस्क म्हणजेच सीडीवर अंकरूपात साठवलेला ध्वनी लेसर किरणाच्या साहाय्याने वाचून त्याचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे उपकरण आहे. हे संकेत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सबळ होतात आणि स्पीकरमधून ध्वनिरूपाने ऐकू येतात. नेदरलँड्समधील फिलिप्स आणि जपानमधील सोनी या कंपन्यांनी मिळून १९८० साली सीडीचे प्रमाणक निश्चित केले. सोनीचा ‘सीडीपी-१०१’ हा प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याची किंमत १,६८,००० येन होती. पुढील दोन दशकांत या उपकरणाच्या किमती झपाट्याने उतरल्या. मात्र किंमत आणि ध्वनीची गुणवत्ता यांचा संबंध सरळ नाही. महाग प्लेअरचा ध्वनी त्याच प्रमाणात चांगला असतोच असे नाही, आणि स्वस्त प्लेअरमधून उत्तम संगीत ऐकता येते. याचे कारण सीडीच्या रचनेतच आहे.

चकतीवरील नोंद

सीडीचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. तिच्यावरील माहिती सूक्ष्म खळग्यांच्या एका सर्पिल रेषेत कोरलेली असते. ही रेषा मध्याजवळ सुरू होऊन कडेकडे जाते. तिच्या लगतच्या दोन वेढ्यांतील अंतर केवळ १.६ मायक्रोमीटर असते. संपूर्ण रेषा उलगडली तर तिची लांबी सुमारे ५ किलोमीटर भरेल.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते. प्रत्येक मोजमाप १६ बिटांच्या अंकात लिहिले जाते. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या पातळ्या दर्शवता येतात. डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्या मिळून दर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. माणसाला साधारणतः २० किलोहर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, आणि वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते. सीडीवर २२ किलोहर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी नोंदवता येतो. म्हणजे मानवी श्रवणाची कक्षा या प्रमाणकात सामावलेली आहे.

कार्यपद्धती

प्लेअरमधील लेसर किरणाची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर असते. चकतीचा सपाट भाग आणि खळगा यांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची तीव्रता भिन्न असते. तो फरक प्रकाशसंवेदक टिपतो. रेषा लेसरखालून सतत सारख्या वेगाने सरकावी म्हणून वाचन मध्याजवळ असताना चकती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, तर कडेजवळ सुमारे २०० फेरे घेते.

वाचलेले अंक थेट ध्वनीत बदलले जात नाहीत. ते आधी स्मृतीत साठतात आणि क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या घड्याळानुसार ठरावीक वेगाने बाहेर पडतात. त्यामुळे चकतीच्या गतीत किंचित चढउतार झाला तरी स्वर हलत नाही. कॅसेटची फीत सैल पडल्यावर किंवा तबकडीची गती बदलल्यावर तानपुऱ्याचा षड्‌ज डळमळतो, तसा दोष स्वस्तातल्या सीडी प्लेअरमध्येही आढळत नाही.

अंकांसोबत चुका सुधारण्यासाठीची जादा माहितीही चकतीवर असते. तिच्या आधारे रेषेवरील सुमारे २.५ मिलिमीटर लांबीपर्यंतचा सलग बिघाड पूर्णपणे भरून काढता येतो. बिघाड त्याहून मोठा असेल, तर प्लेअर आजूबाजूच्या अंकांवरून हरवलेल्या अंकांचा अंदाज घेतो. तेही शक्य नसेल तर ध्वनी क्षणभर बंद होतो किंवा गाणे अडखळते.

शेवटच्या टप्प्यात डिजिटल-अ‍ॅनालॉग परिवर्तक हा भाग अंकांपासून सलग बदलणारा विद्युत संकेत तयार करतो. परिवर्तकाला संक्षेपाने ‘डॅक’ म्हणतात. फिलिप्सच्या आरंभीच्या प्लेअरमध्ये १४ बिटांचा डॅक होता. नमुन्यांचा दर चौपट करून त्याच्याकडून १६ बिटांच्या तोडीचे काम करून घेतले जाई. आज याहून सरस डॅक एका लहानशा, स्वस्त चिपमध्ये मिळतो.

किंमत आणि ध्वनी

निर्दोष चकती वाचताना स्वस्त आणि महाग प्लेअर एकच अंक वाचतात. फरक पडतो तो डॅक, त्यापुढील अ‍ॅनालॉग मंडल, वीजपुरवठा आणि यांत्रिक बांधणी यांत. बऱ्या बनावटीच्या साध्या प्लेअरमध्येही ध्वनीची विकृती सहसा ०.०१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. याउलट स्पीकरमध्ये, विशेषतः खर्जाच्या स्वरांत, ती १ टक्क्याच्या घरात किंवा त्याहून अधिक असू शकते. खोलीच्या भिंती आणि फरशी यांवरून परतणाऱ्या ध्वनीचा परिणाम तर त्याहूनही मोठा असतो. म्हणून एकूण रक्कम मर्यादित असेल, तर तिचा मोठा वाटा स्पीकरसाठी राखून ठेवणे हिताचे ठरते.

दोन प्लेअरांची तुलना करताना ध्वनीची पातळी समान असणे आवश्यक असते. किंचित मोठा आवाज कानाला अधिक स्पष्ट आणि भरदार वाटतो. त्यामुळे ज्या प्लेअरचा निर्गम संकेत थोडा सबळ, तोच सरस असा समज होतो. किंमत आणि नाममुद्रा ठाऊक असल्या तरी निर्णयावर परिणाम होतो. अमेरिकेतील ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना दोन प्रकारे ध्वनी ऐकवला गेला. एक उच्च क्षमतेच्या चकतीवरील ध्वनी होता. दुसरा तोच ध्वनी सीडीच्या प्रमाणकातून नेलेला होता. ५५४ चाचण्यांपैकी जवळपास निम्म्या चाचण्यांत उत्तर बरोबर आले. नाणेफेक करून सांगितले असते तरी साधारण तेवढेच यश मिळाले असते. या प्रयोगाच्या पद्धतीवर नंतर टीकाही झाली.

अल्पखर्चिक पर्याय

स्वतंत्र सीडी प्लेअरखेरीज डीव्हीडी प्लेअर हाही एक पर्याय आहे. बहुतेक डीव्हीडी प्लेअर संगीताची सीडी वाचतात आणि ते किमतीनेही स्वस्त असतात. मात्र काहींना गाणे निवडण्यासाठी दूरदर्शन संच जोडावा लागतो. काहींच्या यंत्रणेची घरघर शांत आलापाच्या वेळी जाणवते. हलक्या प्रतीच्या संचात अ‍ॅनालॉग मंडलाकडे दुर्लक्ष केलेले असते. अशा वेळी प्लेअरला डिजिटल निर्गम असेल, तर त्याला वेगळा डॅक किंवा डॅक असलेला अ‍ॅम्प्लिफायर जोडता येतो. मग प्लेअरकडे केवळ चकती वाचण्याचे काम उरते.

एमपी३ चकती वाचण्याची सोय उपयुक्त असली, तरी ती ध्वनीच्या गुणवत्तेची खूण नव्हे. सेकंदाला १२८ किलोबिट दराच्या एमपी३ फाइलमध्ये सीडीच्या सुमारे एक अकरांश माहिती असते. अशी फाइल चांगल्या प्लेअरवर वाजवली तरी गाळलेली माहिती परत येत नाही.

जुना प्लेअर घेताना

सीडी प्लेअरमध्ये सर्वांत आधी झिजतात ते यांत्रिक भाग आणि लेसर. डॅक मात्र दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे जुना प्लेअर घेताना पुढील बाबी तपासल्या जातात :

चकतीचा कप्पा अडखळता उघडतो व मिटतो का.

चकतीवरील गाण्यांची यादी काही सेकंदांत वाचली जाते का.

भरगच्च सीडीवरील शेवटचे गाणे नीट वाजते का. वाचन आतून बाहेर होत असल्याने कडेजवळचे दोष आरंभी कळत नाहीत.

घरी नोंदवलेली सीडी-आर वाजते का. तिचे परावर्तन छापील सीडीपेक्षा कमी असल्याने मंदावलेला लेसर तेथे प्रथम अपयशी ठरतो.

विद्युतदाब कोणता आहे. भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची, तर जपानमध्ये १०० आणि अमेरिकेत १२० व्होल्टची असते. तेथून आणलेल्या संचाला बहुधा रोहित्र लावावे लागते.

लेसरचा संच बदलून मिळतो का, याची चौकशी किमतीइतकीच महत्त्वाची असते. सुटा भाग उपलब्ध नसेल, तर नामांकित प्लेअरही निरुपयोगी होतो.

जोडणी आणि निगा

प्लेअर सपाट, न हलणाऱ्या जागी, स्पीकरपासून वेगळा ठेवला जातो. त्याची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’ या खाचेत जोडतात. ‘फोनो’ ही खाच तबकडीसाठी असते. तेथे सीडी प्लेअर जोडल्यास ध्वनी विकृत होतो. स्पीकर खोलीच्या कोपऱ्यापासून दूर, कानाच्या उंचीवर आणि श्रोत्यापासून समान अंतरावर ठेवले, तर कोणताही खर्च न करता ध्वनीत स्पष्ट सुधारणा होते.

चकती मऊ कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ रेषेत पुसतात. गोलाकार पुसल्यास पडणारा ओरखडा वाचनरेषेच्या दिशेने जातो आणि त्यातून होणारा बिघाड लांब असतो. छापील नावाची बाजू अधिक नाजूक असते, कारण परावर्तक थर तिच्या अगदी लगत असतो. सीडी-आरमधील रंगद्रव्य ऊन आणि उष्णता यांमुळे खराब होते. घरगुती समारंभ किंवा वडीलधाऱ्यांचे गायन-वाचन अशा चकत्यांवर असेल, तर त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. त्यामुळे वाचू शकणारा प्लेअर हाताशी असतानाच अशा चकत्यांची संगणकावर प्रत काढून ठेवणे आवश्यक ठरते.