व्यवस्थापन प्रवेश परीक्षेतील गणित : भीती आणि तयारी

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "सुटलो बुवा एकदाचे गणितातून!" कला शाखेकडे जाणारा विद्यार्थी गणिताचा निरोप घेतो. वाणिज्य शाखेतही ते सोडण्याची मुभा असते. पुढे पाच वर्षांनी पदवी हाती येते, एम.बी.ए. करावे असे मनात येते, आणि जे गणित मागे टाकले असे आपण समजत होतो तेच दारात उभे असते. पुष्कळ विद्यार्थी तेथूनच परत फिरतात. परीक्षेत नापास होऊन नव्हे, तर अर्जच न भरता. हे नुकसान टळावे म्हणून हा लेख.

परीक्षेचे स्वरूप

व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी आपल्याकडे मुख्यतः दोन परीक्षा महत्त्वाच्या आहेत. पहिली 'कॅट', म्हणजे कॉमन अॅडमिशन टेस्ट. भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजेच आय.आय.एम., या परीक्षेद्वारे पदव्युत्तर प्रवेशासाठी उमेदवार निवडतात. कोलकाता व अहमदाबाद येथील संस्था १९६१ साली सुरू झाल्या. आपल्या महाराष्ट्रात नागपूरची संस्था २०१५ साली स्थापन झाली, आणि पवई येथील 'नीटी' ही जुनी संस्था २०२३ पासून आय.आय.एम. मुंबई झाली. दुसरी परीक्षा राज्याची एम.बी.ए. सीईटी.

कॅट गेली काही वर्षे नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. अर्ज मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच भरावे लागतात. परीक्षा संगणकावर असते. एकूण वेळ दोन तास आणि विभाग तीन : भाषा व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे. एका विभागातील वेळ दुसऱ्यासाठी वापरता येत नाही. २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी गणिताचे २२ प्रश्न होते. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात. पर्याय दिलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा होतो. ज्या प्रश्नांत पर्याय नसतात व उत्तर स्वतः टाइप करायचे असते, तेथे चुकले तरी गुण कापले जात नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. "माझे इंग्रजी चांगले आहे, त्यावर गणित भरून काढीन" हा हिशेब चालत नाही. बहुतेक आय.आय.एम. एकूण गुणांबरोबरच प्रत्येक विभागातही किमान पर्सेंटाइल मागतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के उमेदवार तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून पेपर कठीण निघाला तरी घाबरू नये. तो सर्वांनाच कठीण असतो.

गणित किती व कोणते?

भीतीचे मुख्य कारण म्हणजे अभ्यासक्रमाविषयीचा गैरसमज. या परीक्षेत डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन विचारले जात नाही. सर्वांत जास्त भर अंकगणितावर असतो : शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर-प्रमाण, सरासरी, मिश्रण, व्याज, काळ-काम, काळ-वेग. त्याखालोखाल बीजगणित : समीकरणे, असमानता, श्रेढी, लॉगॅरिदम, फलने. त्यानंतर भूमिती व मापन, आणि थोडे संख्याज्ञान व क्रमचय-संचय. यातील मोठा भाग सातवी ते दहावीच्या पुस्तकांत आहे, उरलेला अकरावी-बारावीच्या. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. महागडे क्लास परवडत नाहीत म्हणून तयारी थांबवण्याचे कारण नाही. सुरुवात या पुस्तकांनीच करावी.

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात कला शाखेची पदवीधर असलेली एक विद्यार्थिनी येत असे. "गणित माझ्या डोक्यात शिरतच नाही," असे ती पहिल्याच दिवशी म्हणाली. आम्ही तिला विचारले, "आधी २० टक्के सूट आणि वर आणखी १० टक्के सूट, तर एकूण सूट किती?" तिने क्षणात सांगितले, "अठ्ठावीस." ती दिवसा कापडाच्या दुकानात काम करीत होती. हजाराची साडी आधी आठशेला, मग सातशे वीसला, हा हिशेब ती रोजच करीत होती. हाच प्रश्न इंग्रजीत छापलेला दिसला की मात्र तिचा हात थांबत असे. गणित तिला येत होते, पण त्या हिशेबाला गणित म्हणतात हे कुणी तिला सांगितले नव्हते.

पाढे आणि अपूर्णांक

परीक्षेत संगणकाच्या पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर असतो. परंतु माउसने एकेक अंक दाबण्यात वेळ जातो. पाढे पाठ असणारा त्याच्या पुढे असतो. ३० पर्यंतचे पाढे, ३० पर्यंतचे वर्ग व १५ पर्यंतचे घन पाठ असावेत.

आपल्या जुन्या पिढीजवळ याहून मोठे भांडवल होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही नावे घरातील आजी-आजोबांना अजून आठवत असतील. छत्तीसची पाऊणकी सत्तावीस, म्हणजेच ३६ चे ७५ टक्के. चौसष्टची सवायकी ऐंशी, म्हणजे ६४ चे १२५ टक्के. शेकडेवारी हे अपूर्णांकाचेच दुसरे रूप आहे, हे त्यांच्या हाडात मुरलेले होते. म्हणून एक कोष्टक पाठ करावे : १/३ म्हणजे सव्वातेहतीसहून थोडे अधिक (३३.३३), १/६ म्हणजे १६.६७, १/७ म्हणजे १४.२८, १/८ म्हणजे साडेबारा, १/९ म्हणजे ११.११, १/११ म्हणजे ९.०९ आणि १/१२ म्हणजे ८.३३ टक्के.

त्याचा उपयोग पाहा. साखरेचा भाव २५ टक्क्यांनी वाढला, खर्च तेवढाच ठेवायचा आहे, तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा? घाईत उत्तर येते २५. पण भाव ५/४ पट झाला, म्हणून वापर ४/५ पट झाला पाहिजे. म्हणजे एक पंचमांश कपात, २० टक्के. कागदही लागत नाही.

प्रश्नाची भाषा

प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचे गुण पुष्कळदा गणितामुळे नव्हे, एका शब्दामुळे जातात. 'अॅट लीस्ट' म्हणजे किमान, 'अॅट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त, 'कॉन्सेक्युटिव्ह' म्हणजे लागोपाठचे, 'डिस्टिंक्ट' म्हणजे परस्परांहून वेगळे, 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे. असे चाळीस-पन्नास शब्द वहीत लिहून त्यांचा अर्थ पक्का करावा.

एका शब्दाने उत्तर कसे बदलते? क्ष + य = ५ याच्या किती जोड्या मिळतील? संख्या 'नॅचरल', म्हणजे नैसर्गिक असतील तर चार. 'नॉन-निगेटिव्ह इंटिजर' असतील तर शून्यही चालतो, म्हणून सहा. आणि नुसते 'इंटिजर' म्हटले तर ऋण पूर्णांकही आले, मग जोड्यांना अंतच नाही. समीकरण तेच, फक्त शब्द वेगळा.

रीत समजून घ्यावी

सूत्रे पाठ करणारा विद्यार्थी प्रश्न थोडा फिरवला की अडतो. काळ-कामाचे उदाहरण घेऊ. एक काम अ १२ दिवसांत करतो, ब १५ दिवसांत. दोघांनी मिळून सुरुवात केली, ४ दिवसांनी अ निघून गेला. काम एकूण किती दिवसांत संपेल? अपूर्णांकांच्या बेरजेत न शिरता १२ व १५ यांचा लसावि घ्यावा : ६०. कामाचे ६० भाग समजा. अ रोज ५ भाग करतो, ब रोज ४. चार दिवसांत दोघांचे ३६ भाग झाले, उरले २४. ते ब सहा दिवसांत करील. म्हणून एकूण १० दिवस. हीच रीत नळ-टाकीच्या उदाहरणांनाही लागू पडते.

दुसरा सापळा सरासरी वेगाचा. जाताना ताशी ४० कि.मी. व त्याच रस्त्याने येताना ६० कि.मी. वेग असेल तर सरासरी ५० नव्हे. अंतर १२० कि.मी. धरा : जाण्यास ३ तास, येण्यास २ तास. ५ तासांत २४० कि.मी., म्हणजे ताशी ४८. सोयीची संख्या धरून पाहण्याची ही सवय अंगी बाणली पाहिजे.

काय सोडावे?

४० मिनिटांत २२ प्रश्न म्हणजे एका प्रश्नास पावणेदोन मिनिटांहून किंचित अधिक. सर्व प्रश्न सोडवण्याचा अट्टहास नुकसान करतो. समजा, एका विद्यार्थ्याने १४ प्रश्न सोडवून १२ बरोबर आणले : ३६ वजा २, म्हणजे ३४ गुण. दुसऱ्याने १८ सोडवले, ११ बरोबर आले, ७ पर्यायी प्रश्न चुकले : ३३ वजा ७, म्हणजे २६. अधिक प्रश्न सोडवूनही दुसरा मागे राहिला.

अंदाजाने उत्तर द्यावे का, असेही विद्यार्थी विचारतात. याचे उत्तर गणितच देते. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर चार वेळांत सरासरी एकदा ३ गुण मिळतील आणि तीनदा १ गुण जाईल : हाती शून्य. मात्र एक पर्याय निश्चित चूक आहे हे कळले, तर तीन वेळांत ३ मिळून २ जातील : थोडा फायदा. तेव्हा पर्याय बाद करता आले तरच अंदाज करावा. पर्याय नसलेल्या प्रश्नाचे उत्तर काढत आणले असेल, तर जागा रिकामी सोडू नये.

राज्याच्या सीईटीत पद्धत वेगळी आहे. तेथे अलीकडच्या वर्षांत १५० मिनिटांत २०० प्रश्न व चुकीला गुणवजावट नाही, असे स्वरूप राहिले आहे. प्रश्न सोपे, पण वेग जास्त लागतो. म्हणून तेथे एकही प्रश्न कोरा ठेवणे हा शुद्ध तोटा आहे. अर्ज भरताना त्या वर्षीचे माहितीपत्रक मात्र अवश्य वाचावे.

आठ महिन्यांची आखणी

एप्रिलपासून सुरुवात केल्यास रोजचे दोन तास पुरेसे आहेत. पहिले तीन महिने पाठ्यपुस्तके, पाढे व अंकगणित. पुढील तीन महिने बीजगणित, भूमिती व इतर घटक, आणि आठवड्यातून एक दिवस फक्त उजळणी. शेवटचे दोन महिने घड्याळ लावून पूर्ण सराव परीक्षा, आठवड्याला एक किंवा दोन. सराव परीक्षा जेवढा वेळ घेते त्याच्या दुप्पट वेळ तिच्या तपासणीस द्यावा.

त्यासाठी एक 'चुकांची वही' ठेवावी. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे : रीत माहीत नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपली? महिनाभरात आपला खरा शत्रू कोण हे वहीच सांगते. बहुतेकांच्या बाबतीत तो अवघड गणित नसून घाई असतो.

अभ्यास तिघा-चौघांनी मिळून करावा. जे दुसऱ्याला समजावून सांगता येते तेच आपल्याला खरोखर समजलेले असते. पदवीचे गुण, जातीचा दाखला व इतर कागदपत्रे यांची तजवीज जूनमध्येच करावी. कॅटसाठी पदवीला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के गुणांची अट आहे. दाखला वेळेवर न मिळाल्याने अभ्यास वाया गेला, असे होऊ नये.

सभासद बंधू-भगिनींनाही एक विनंती. आपल्यापैकी अनेकजण बँकेत, विमा कार्यालयात, शाळेत, कारखान्यात रोज आकड्यांशी खेळतात. रविवारी दोन तास दिले तर वस्तीतील पाच मुले शेकडेवारी शिकतील. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे आमचे मागणे एवढेच : गणित येत नाही असे म्हणण्यापूर्वी सातवीचे पुस्तक एकदा पुन्हा उघडा आणि पहिला उदाहरणसंग्रह सोडवा. अर्ज भरायचा की नाही, हे त्यानंतर ठरवा.