ज्योत कां पेटत नाहीं?

घोडेकाठचें शिरूर काय किंवा भीमेकाठचें दौंड काय, थंडीच्या पहाटे जुना गॅस गीझर गार पाणी देऊं लागला, कीं घरोघर प्रथम सिलिंडरलाच दोष मिळतो. पुष्कळदां तो बिचारा भरलेला असतो. वाहत्या पाण्याच्या दाबानें गीझरमधील रबरी पडदा सरकला, तरच गॅसची वाट उघडते व बॅटरीच्या ठिणगीनें ज्योत पेटते. विंधनविहिरीच्या पाण्यांतील क्षार व गाळ तोंडाच्या जाळींत सांचला, कीं दाब घटतो आणि पडदा जागचा हालत नाहीं. गॅस व पाणी बंद करून जाळी धुवावी, बॅटरी बदलावी. बहुधा तेवढ्यानें भागतें.

ज्योत पिवळी दिसूं लागली, तर मात्र गीझर ताबडतोब बंद करून जाणत्या कारागिरास बोलवावें. अपुऱ्या ज्वलनांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वासहि नाहीं; कोंदट न्हाणीघरांत माणूस सावध होण्यापूर्वींच बेशुद्ध पडतो.