साक्षीपुराव्यावाचून शिक्षा नको

फुप्फुसाचा कर्करोग शस्त्रक्रियेने बरा होण्याजोगा आहे काय, याचा निवाडा पुष्कळदा दोन फुप्फुसांमधील लसिकाग्रंथी करतात. १९५९ साली स्वीडनचे डॉ. एरिक कार्लेन्स यांनी मानेच्या पायथ्याशी छेद घेऊन त्या तपासण्याची पद्धत मांडली. आता श्वासनलिकेत वा अन्ननलिकेत उतरविलेली दुर्बीण ध्वनिलहरींनी ग्रंथी दाखविते व सुई नमुना घेते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, आधी सुई व तीत रोग न आढळल्यासच छेद, या क्रमाने व्यर्थ ठरलेल्या शस्त्रक्रियांचे प्रमाण शेकडा १८ ऐवजी ७ भरले. क्षयरोगाने ग्रासलेल्या आपल्या देशात तर सुजलेली प्रत्येक ग्रंथी कर्करोगाचीच असते असे नव्हे. केवळ स्कॅनवरून रुग्णाला शस्त्रक्रिया नाकारणे म्हणजे साक्षीपुराव्यावाचून शिक्षा ठोठावणे होय.