वटवाघळाची गुणसूत्रं मोजताना

माणसाची गुणसूत्रं ४६, हे शाळेत पाठ होतं आणि त्याबरोबर एक समजूत नकळत चिकटते: गुणसूत्रं जितकी जास्त, तितका प्राणी पुढारलेला. युरोप-आशियातलं मोठं नालमुखी वटवाघूळ घ्या. नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेलं. त्याची गुणसूत्रं ५८, आपल्याहून बारा जास्त. डीएनएची अक्षरं मात्र सुमारे २०७ कोटी. आपली ३१० कोटींच्या घरात. पोथी पातळ, अध्याय जास्त.

मग आकडा बदलतो कशानं? प्रत्येक गुणसूत्रावर एक आवळलेली जागा असते, गुणसूत्रबिंदू. तो मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना भुजा दिसतात, टोकाशी असेल तर एकच. अशी दोन एकभुज गुणसूत्रं बिंदूपाशी जुळली की दोनाचं एक होतं. भुजांवरची जनुकं फारशी हरवत नाहीत. काही नालमुखी जातींत ६२ गुणसूत्रं आहेत आणि लिंगगुणसूत्रं सोडून उरलेली साठही एकभुज. त्यांच्या नात्यातल्या पर्णनासिक वटवाघळांत बहुधा ३२ सापडतात: लिंगगुणसूत्रं वगळता तीस, पण सगळी दुभुज. म्हणजे भुजा इथेही साठच! म्हणून जाणकार नुसती गुणसूत्रं मोजून थांबत नाहीत, भुजाही मोजतात. तेवढ्यानंही भागत नाही. कुठली भुजा कुणाशी जुळली, हे रंगवून पाहावं लागतं.

जवळच्या नात्यात आकडा सारखाच असणार, हा अंदाज अर्धाच खरा. मायोटिस या वंशात शंभराहून अधिक जाती, जगभर पसरलेल्या, तरी जवळजवळ सगळ्यांत ४४. उलट मध्य अमेरिकेत पानं दुमडून तंबू करणारी युरोडर्मा वटवाघळं दीर्घकाळ एकच जात मानली गेली. फोन्सेका आखाताभोवती त्यांचे ३८ आणि ४४ गुणसूत्रांचे गट भेटतात आणि मधल्या आकड्यांची मिश्र पिल्लंही सापडतात.

 

गुणसूत्रं नेहमी सम संख्येतच असतात, हे तर गृहीतच धरलेलं असतं. पण दक्षिण अमेरिकेतल्या कॅरोलिया पर्स्पिसिलाटा या वटवाघळाच्या मादीत २०, नरात २१. या जातीत एक्स गुणसूत्राला एक साधं गुणसूत्र येऊन चिकटलंय. मादीत दोन्ही एक्स जोडलेले. नरात जोडलेला एक्स एकच, त्यामुळे त्या साध्या गुणसूत्राचा दुसरा जोडीदार सुटाच राहतो आणि पेशीविभाजनात वायच्या बरोबरीनं दुसऱ्या वायसारखा वागतो. नरात २१ भरली, तर मोजणारा चुकलेला नसतो.