टपाखालचे अस्तर : जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धारातील न दिसणारे काम

बंगळूरहून म्हैसूरकडे जाताना श्रीरंगपट्टणच्या परिसरात ‘पयण’ हे मोटारींचे संग्रहालय लागते. कन्नड भाषेत पयण म्हणजे प्रवास. धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. डी. वीरेंद्र हेगडे यांनी जमवलेल्या जुन्या मोटारी येथे पाहावयास मिळतात. येणारा प्रेक्षक प्रथम बॉनेटची लकाकी पाहतो, मग दिव्यांच्या चकचकीत कडा आणि चाकांचे आरे. फार तर खिडकीतून डोकावून स्टिअरिंग आणि गाद्या पाहतो. मान वर करून टपाच्या आतल्या कापडाकडे पाहणारा मात्र विरळा.

जाणकारांची नजर नेमकी तेथेच जाते. मोटारीचा जीर्णोद्धार मनापासून केलेला आहे की वरवरचा, हे टपाखालचे अस्तर सांगून टाकते. रंग बिघडला तर खरवडून पुन्हा देता येतो. क्रोम पुन्हा चढवता येते. चुकीच्या जागी कापलेले अस्तर मात्र सांधता येत नाही आणि घाईघाईत फेकून दिलेले मूळ अस्तर कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

राजनगरी आणि मोटारी

म्हैसूरचे आणि वाहनांचे नाते जुने आहे. वडेयर घराण्याला उत्तम मोटारींची आवड होती. म्हैसूरचे महाराज रोल्स रॉईस खरेदी करीत त्या एकदम सात-सातच्या संख्येने, अशी आख्यायिका मोटारींच्या दुनियेत आजही सांगितली जाते. शहरातील रेल्वे संग्रहालय १९७९ साली सुरू झाले. तेथील महाराणींचा खास डबा १८९९ सालचा असून त्यात स्वयंपाकघर आणि भोजनकक्षही आहे. प्रवासाचे साधन हे घराइतकेच नीटनेटके असावे, ही त्या काळची दृष्टी त्या डब्यात दिसते. मोटारीच्या टपाला आतून अस्तर लावण्यामागेही हीच दृष्टी होती.

त्या काळच्या राजेशाही मोटारींबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स रॉईस कंपनी केवळ सांगाडा आणि इंजिन पुरवीत असे. वरची बांधणी स्वतंत्र कारखाने ग्राहकाच्या मर्जीप्रमाणे करीत. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन मोटारींची छपरेही तंतोतंत सारखी नसत. अशा मोटारीसाठी तयार अस्तर बाजारात मिळणे अशक्य. जीर्ण झालेले, डागाळलेले मूळ कापड हाच तिचा एकमेव नमुना असतो.

अस्तर कशासाठी?

आरंभीच्या बंद मोटारींची छपरे पूर्णपणे पत्र्याची नव्हती. लाकडी चौकटीवर पट्ट्या ठोकून मधल्या भागात जलरोधक कापड ताणलेले असे. एवढा मोठा पत्रा एकसंध दाबून काढणारी यंत्रे तेव्हा प्रचलित नव्हती. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९३५ सालच्या मोटारींना संपूर्ण पोलादी टप दिला आणि पुढे तीच रीत रूढ झाली. पोलादी टप मजबूत खरा, पण तो उन्हात तापतो, पावसात ढोलासारखा वाजतो आणि थंडीत आतून दमट होतो. अस्तर आणि त्यामागचा नमदा किंवा तागाचा थर या तिन्ही त्रासांना आवर घालतो. शोभा हा त्याचा शेवटचा गुण होय.

अस्तराचे मुख्य प्रकार दोन. आजच्या मोटारींत साच्यात घडवलेला पुठ्ठ्यासारखा तक्ता असतो आणि त्यावर फोमची पातळ पाठ असलेले कापड चिकटवलेले असते. उष्णतेने व दमटपणाने काही वर्षांत हा फोम कुजून त्याचा भुगा होतो आणि कापडाला झोळ पडतो. अशा वेळी पुष्कळ जण कापडामागे पुन्हा गोंद सोडून ते चिकटवू पाहतात. तो उपाय टिकत नाही, कारण बिघाड गोंदात नसून फोममध्ये असतो. तक्ता बाहेर काढून फोमचा कण न् कण ब्रशने झाडावा आणि नवे कापड लावावे, हाच खरा मार्ग.

जुन्या मोटारींतील अस्तर मात्र टांगलेले असते. कापडाच्या पाठीवर ठराविक अंतराने आडवे नेफे शिवलेले असतात. पायजम्यात नाडी ओवावी, तशी प्रत्येक नेफ्यातून कमानीसारखी वाकवलेली पोलादी सळई ओवतात आणि तिची टोके टपाच्या दोन्ही कडांवरील भोकांत बसवतात. मग कापडाच्या चारही कडा ताणून काचांच्या व दारांच्या चौकटींवर पक्क्या करतात. लाकडी चौकट असल्यास बारीक खिळ्यांनी, पोलादी चौकट असल्यास दातेरी पट्टीने किंवा चिकट सोल्युशनने. दारांवरची कडा शेवटी गोट लावून झाकली जाते.

आधी नोंद, मग कात्री

या कामाचा निम्मा भाग जुने अस्तर उतरवण्यात आहे. प्रथम बॅटरीची तार सोडवावी. नंतर आतला दिवा, आरसा, सूर्यझडपा आणि हातकड्या काढाव्यात. बऱ्याच मोटारींत अस्तराची कडा पुढच्या व मागच्या काचेच्या रबराखाली दडलेली असते. तेथे काच काढण्याला पर्याय नाही. काच तशीच ठेवून रबराखाली कापड कोंबण्याची पळवाट काहीजण काढतात. पुढे याच जागी सुरकुत्या उमटतात आणि पावसाचे पाणी झिरपते.

सळया काढताना खरी सावधगिरी हवी. वरवर सारख्या दिसल्या, तरी प्रत्येक सळईची लांबी आणि बाक वेगळा असतो. काही मोटारींत एका सळईसाठी दोन-तीन भोके असतात. ती कोणत्या भोकात होती, हे लिहून न ठेवल्यास छपराची उंचीच बदलते. म्हणून पुढून मागे क्रमांक घालून, डावी-उजवी बाजू लिहून, प्रत्येक सळईला चिठ्ठी बांधावी आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. मागच्या सळईला बहुधा आधाराच्या तारा असतात. अस्तर ओढताना सळई पुढे कलंडू नये, हे त्या तारांचे काम. त्या हरवल्या तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

उतरवलेले कापड फाटके असले तरी टाकू नये. शिवणी उसवून त्याचे तुकडे सपाट पसरले, की नव्या अस्तराचा नमुना मिळतो. गोटाखाली किंवा दिव्याच्या कडीमागे दडलेला चिंधीएवढा भाग ऊन न लागल्यामुळे मूळ रंगाचा राहिलेला असतो. छपराचा खरा रंग कोणता, हा वाद ती चिंधी मिटवते.

अस्तर निघाले, की टपाचा पत्रा कित्येक वर्षांत प्रथमच उघडा पडतो. गंज घासून प्रायमर लावण्याची, गळती शोधण्याची आणि दिव्याच्या कुजलेल्या तारा बदलण्याची संधी तेव्हाच असते. जुन्या आवाजरोधक थरांत काही वेळा अॅस्बेस्टॉस असू शकते. म्हणून तोंडावर योग्य मुखपट्टी असावी आणि तो थर कोरडा खरवडू नये.

ताण, माया आणि धीर

कापडाची निवड मोटारीच्या काळाप्रमाणे करावी. युद्धपूर्व ब्रिटिश मोटारींना लोकरी कापड शोभते, तर अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या उत्तरकाळातील मोटारींना रेक्झीन. लोकरीला वाफ मानवते व तिला कसरीचे भय असते. रेक्झीन उन्हात मऊ पडते आणि गारव्यात आखडते. म्हणून रेक्झीनचे अस्तर बसवण्यापूर्वी काही वेळ उबेत पसरून ठेवतात.

नवे अस्तर शिवताना नेफ्यांतील अंतर जुन्याप्रमाणे काटेकोर ठेवावे लागते. कडांना मात्र चांगली वीतभर माया सोडावी. बसवण्यापूर्वी कापड उभे दुमडून मध्यरेषा काढतात व पुढे-मागे बारीक खूण करतात. तशीच मध्यरेषा टपाच्या पत्र्यावर खडूने आखतात. सूर्यझडपांचे व आरशाचे स्क्रू आधीच आपापल्या भोकांत अर्धवट पिळून ठेवतात. त्यामुळे कापड ताणल्यावर ती जागा बोटाला लागते आणि भलतीकडे भोक पडत नाही.

सळया बसवून अस्तर टांगले, की मध्यरेषा जुळवून प्रथम पुढची व मागची कडा मध्यभागी ताणतात. नंतर थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, अशा पाळीने कोपऱ्यांकडे सरकतात. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळल्यास शिवणी हमखास तिरक्या होतात. या टप्प्यावर सोल्युशन लावायचे नसते, नुसते चिमटे लावायचे असतात. नेफ्यांची टोके कापडाला बाजूला ओढू देत नसतील, तर ती थोडी थोडी कापावी लागतात. एका वेळी बोटाच्या पेराएवढेच कापावे, पुन्हा ताणून पाहावे, मग पुढचा काप. जास्त कापले गेले तर कापड सळईपासून सुटते आणि त्यावर इलाज नाही.

चिमट्यांवर ताणलेले अस्तर रात्रभर तसेच राहू द्यावे, हा अनुभवी कारागिरांचा परिपाठ. सकाळपर्यंत कापड सैलावते आणि पुन्हा थोडे ओढून घेता येते. त्यानंतर चौकटीवर आणि कापडावर, दोन्हीकडे, सोल्युशनचा पातळ हात द्यावा. ते बोटाला चिकटेनासे झाले, की कडा दाबून बसवावी. ओले असतानाच दाबले तर पकड येत नाही आणि कापडावर डाग उमटतो. या द्रवाची वाफ ज्वालाग्राही असते, तेव्हा दारे उघडी असावीत आणि जवळपास विडी-काडी नसावी. राहिलेल्या बारीक चुण्या लोकरीवर वाफेने आणि रेक्झीनवर सौम्य उष्णतेने जातात. दिव्याचे भोक सर्वांत शेवटी, तेही लहानशा फुलीच्या आकारात कापतात.

कायदा टपाखाली डोकावत नाही

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. सांगाडा, बाह्य बांधणी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील मुख्य अट. अस्तराचा प्रश्न तेथे येत नाही. ते मूळ आहे की नवे, कशाचे आहे, हे मालकाच्या सचोटीवर सोडलेले आहे.

जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९६६ सालची. त्याच्या तुरीन सनदेचा आग्रह असा, की जे टिकवता येते ते बदलू नये आणि जे बदलले त्याची नोंद ठेवावी. मोटारमालकाला या नोंदीचा व्यावहारिक लाभही आहे. पाच वर्षांहून जुन्या आणि उत्पादन थांबलेल्या मोटारींचे विमामूल्य ठरीव तक्त्याने न ठरता विमा कंपनी व ग्राहक यांच्या सहमतीने ठरते. त्या वेळी कापडाच्या पावत्या, मजुरीची बिले आणि क्रमवार छायाचित्रे समोर ठेवता आली, तर बोलण्याला वजन येते. पुढे मोटार विकावयाची झाल्यास हीच फाईल तिची वंशावळ ठरते.

मुंबईच्या रस्त्यांवरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या या मोटारी आता हौशी संग्राहकांच्या अंगणातच उरल्या आहेत. एके काळी गल्लोगल्ली त्यांची अस्तरे शिवून देणारे कारागीर होते. मोटारी कमी झाल्या, तसे ते हातही कमी होत आहेत. म्हैसूरसारख्या शहरात संग्रहालयात जपलेली मोटार पाहताना म्हणूनच क्षणभर मान वर करावी. शिवणी सरळ असतील, कोपऱ्यात चुणी नसेल, तर कोणी तरी एक रात्र धीर धरून कात्री खाली ठेवली होती, असे खुशाल समजावे.